होडीच्या बुडाचा रंग

बुलढाणा जिल्ह्यातले धाड हे गाव समुद्रापासून सरळ रेषेतही तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तिथल्या शाळेत जाऊन 'होडीच्या बुडाचा जुना रंग खरवडून नवा कसा द्यावा' हा विषय काढला, तर मुले एकमेकांकडे बघतील आणि शिक्षकही जरा विचारात पडतील. पण त्याच गावात गुरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद असतो. तो आठ-दहा दिवस घासला नाही, तर आतल्या बाजूला बोट फिरवून पाहावे. बुळबुळीत थर हाताला लागतो. आणखी काही दिवस थांबले की तो हिरवा होतो. महिनाभर दुर्लक्ष केले, तर त्या शेवाळात बारीक गोगलगाई आणि अळ्या दिसू लागतात. होडीवाल्याची सगळी डोकेदुखी हीच आहे. फरक इतकाच की समुद्रात हे नाटक पुढच्या अंकापर्यंत जाते.

समुद्राच्या पाण्यात कोणतीही स्वच्छ वस्तू बुडवली, की काही मिनिटांतच पाण्यातील प्रथिने व इतर सेंद्रिय रेणू तिच्या पृष्ठभागावर चिकटतात. काही तासांत त्यावर जिवाणू येतात, दिवसा-दोन दिवसांत सूक्ष्म शैवाल येते आणि या सर्वांनी स्रवलेल्या चिकट पदार्थाचा एक थर तयार होतो. याला जैवपटल म्हणतात. हौदातला बुळबुळीत थर तो हाच. त्यानंतर समुद्री शैवाल, नळीत राहणारे कृमी, शिंपले आणि सर्वांत चिवट असे बार्नॅकल वस्तीला येतात.

बार्नॅकल हा प्राणी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगण्यासारखा आहे. कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांवर जे पांढरट, धारदार, लहान ज्वालामुखीसारखे दिसणारे कवच पायाला लागते, ते याचे. दिसायला शिंपल्याचा भाऊबंद, पण प्रत्यक्षात तो खेकडा-कोळंबीच्या कुळातला, म्हणजे संधिपाद. चार्ल्स डार्विनने १८४६ पासून आठ वर्षे केवळ या प्राण्यांच्या अभ्यासात घालवली. बार्नॅकलचे पिल्लू पाण्यात मोकळे पोहते, कात टाकत वाढते आणि शेवटी सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीच्या एका विशिष्ट डिंभ अवस्थेत येते. या अवस्थेत ते काहीही खात नाही. त्याचे एकच काम, घर शोधणे. डोक्याजवळच्या दोन शृंगिकांवर ते जणू पावलापावलाने पृष्ठभाग चाचपत चालते. जागा पसंत पडली नाही तर सोडून पुन्हा पोहू लागते. पसंत पडली की प्रथिनांचा बनलेला एक सिमेंटसारखा पदार्थ सोडून डोक्याकडून कायमचे चिकटते. त्यानंतर आयुष्यभर डोके खाली, पाय वर, आणि त्या पायांनी पाण्यातले अन्नकण आत ओढायचे. हा सिमेंट पाण्याखाली, ओल्या पृष्ठभागावर घट्ट बसतो. आपल्या कारखान्यांत तयार होणाऱ्या बहुतेक गोंदांना ते जमत नाही.

चिकटले तर चिकटले, त्याने बिघडते काय? होडी पाण्यातून जाताना तिच्या पृष्ठभागाला लागून पाण्याचा एक पातळ थर तिच्याबरोबर ओढला जातो. त्याला सीमास्तर म्हणतात. पृष्ठभाग खडबडीत झाला की हा थर अधिक संक्षुब्ध होतो आणि घर्षण वाढते. पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे लक्षात घेतले म्हणजे इंजिनावरचा भार किती वाढेल याची कल्पना येते. अमेरिकन नौदलाच्या एका वर्गातील युद्धनौकांसाठी २००७ साली प्रसिद्ध झालेली गणना अशी : ताशी १५ सागरी मैल वेगाने जाताना बुडावर नुसता बुळबुळीत जाड थर असेल, तर तोच वेग ठेवायला सुमारे २१ टक्के अधिक शक्ती लागते, आणि बार्नॅकलसारख्या कवचवाल्यांची दाट वस्ती असेल तर सुमारे ८६ टक्के. मासेमारीच्या होडीला हेच आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण डिझेलचा खर्च मासळीच्या भावातून भागवणाऱ्या नाखव्याला ते कोणत्या दिशेने बोट दाखवतात हे सांगावे लागत नाही.

लाकडी होडीला आणखी एक शत्रू असतो, टेरेडो. नाव जहाजकृमी, पण हा कृमी नसून लांबलचक झालेला शिंपलाच आहे. त्याची दोन लहान कवचे डोक्याशी कानशीसारखी चालतात आणि तो फळीत बीळ करीत जातो. खाल्लेले लाकूड पचवायला त्याच्या कल्ल्यांमध्ये राहणारे जिवाणू मदत करतात. बाहेरून टाचणीएवढे छिद्र आणि आत फळीची चाळणी, असा त्याचा कारभार.

जुने उपाय

कोकणात पावसाळ्याच्या तोंडाशी होड्या वर ओढून झापांच्या आडोशाखाली ठेवतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात सोडतात. ही प्रथा वादळी समुद्रामुळे पडली, आणि आता पावसाळ्यात साधारण दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारीची कायदेशीर बंदीही असते. पण यात एक जैविक फायदाही आहे. बूड कोरडे पडले की त्यावरचे जीव मरतात. ज्या होड्या खाडीत वरच्या अंगाला ठेवतात, त्यांच्याभोवती पावसाळ्यात जवळजवळ गोडे पाणी असते. खाऱ्या पाण्यातल्या प्राण्यांना ते सोसत नाही. टेरेडोलाही नाही.

या काळात बूड खरवडायचे, फळ्यांमधील फटींत तेलात भिजवलेला कापूस किंवा सूत ठोकून भरायचे, आणि वरून माशाच्या यकृताचे तेल, काजूच्या टरफलांचे तेल, राळ, चुना, डांबर यांपैकी जे मिळेल त्याचे लेप द्यायचे. काजूच्या टरफलाचे तेल हातावर पडले तर कातडी सोलते, हे काजू भाजणाऱ्या बायकांना विचारावे. त्यातील फिनॉल गटाची संयुगे लाकडातील कीड व बुरशी यांनाही त्रासदायक ठरतात. मला या जुन्या लेपांविषयी आदर आहे, पण त्यांची आरती ओवाळण्याचे कारण नाही. ते लवकर धुऊन जात आणि वारंवार द्यावे लागत. मोठ्या जहाजाला ते परवडत नसे.

मोठ्या जहाजाचे बूड उघडे पाडणे हेच मुळात अवघड. विजयदुर्गजवळ वाघोटण खाडीच्या एका फाट्यात मराठा आरमाराची जुनी गोदी आहे. खडक फोडून आणि दगडी बांध घालून ती केलेली आहे. भरतीला गलबत आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की बूड उघडे, अशी तिची रीत. मुंबईत भरती-ओहोटीतला फरक उधाणाच्या दिवशी चार-पाच मीटरपर्यंत जातो. त्याच भरतीच्या जोरावर अठराव्या शतकाच्या मध्यापासून तिथे दगडी सुक्या गोद्या उभ्या राहिल्या. भरतीला जहाज आत, मग दरवाजा बंद, आणि ओहोटीला पाणी बाहेर. या गोद्यांत वाडिया घराण्याने सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे.

तांब्याची गोष्ट

सागवान कितीही टिकाऊ असले तरी टेरेडो आणि बार्नॅकल त्याला सोडत नाहीत. म्हणून ब्रिटिश नौदलाने १७६१ साली 'अलार्म' या जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. जहाज वेस्ट इंडीजची सफर करून १७६३ मध्ये परत आले तेव्हा पत्र्याखालचे लाकूड चांगले होते आणि बूडही बरेच स्वच्छ होते. पण पत्र्याला लागून असलेले लोखंडी खिळे आणि सुकाणूचे लोखंड गंजून पार खंगले होते. काही ठिकाणी मात्र लोखंड शाबूत होते. बारकाईने पाहता दिसले की तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद तेवढ्या जागी तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये राहून गेला होता.

व्होल्टाची बॅटरी अजून जन्मायची होती, त्यामुळे हे का घडले ते कोणी सांगू शकत नव्हते. आज आपण सांगू शकतो. तांबे आणि लोखंड एकमेकांना टेकलेले आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात, म्हणजे तो एक विद्युत घटच झाला. त्यात लोखंड धनाग्र बनते आणि विरघळते. कागदाने दोन धातूंचा संपर्क तोडला, म्हणून तिथे घट तयार झाला नाही. हा कागद म्हणजे आजच्या भाषेत अस्तराचा हात. पोलादी बुडावर तांबे असलेला रंग थेट लावू नये, आधी अस्तर द्यावे, हा नियम रंगाच्या प्रत्येक डब्यावर छापलेला असतो. ॲल्युमिनियमच्या होडीला तर तांब्याचा रंग बहुधा टाळतातच, कारण तिथे नुकसान आणखी झपाट्याने होते.

गोष्ट इथे संपत नाही. तांबे लाकडाला वाचवी, पण स्वतः झिजे. सरकारच्या विनंतीवरून हम्फ्री डेव्ही या प्रश्नाकडे वळला. १८२४ मध्ये त्याने दाखवले की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडला, तर तो तुकडा झिजतो आणि तांबे वाचते. ज्या जहाजांवर हा प्रयोग झाला त्यांत कोचीनला सागवानात बांधलेले 'समरंग' हे जहाजही होते. तांब्याचे झिजणे खरोखरच थांबले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने प्रयोग शंभर टक्के यशस्वी! पण थोड्याच काळात त्या अबाधित तांब्यावर शैवाल आणि बार्नॅकल यांची गर्दी झाली आणि नौदलाला ते तुकडे काढायला लावावे लागले.

विज्ञानाच्या इतिहासात यशाने केलेली अशी फजिती विरळा. तिने एक गोष्ट मात्र पक्की शिकवली. तांबे बुडाला स्वच्छ ठेवते ते तांबे आहे म्हणून नव्हे, तर ते विरघळते म्हणून. पृष्ठभागालगतच्या पाण्यात तांब्याचे आयन पुरेसे असतील, तर चिकटायला आलेले पिल्लू मरते किंवा निघून जाते. झीज हाच इथे औषधाचा डोस असतो. आज बुडाला जो रंग लावतात त्याचे तत्त्व हेच : विष असलेला पदार्थ रंगात धरून ठेवायचा आणि ठरावीक गतीने सोडायचा. सगळी कारागिरी त्या 'ठरावीक' शब्दात आहे.

रंग मरतो म्हणजे काय

या रंगांत बहुधा लालसर क्यूप्रस ऑक्साइड असते. जहाजांची बुडे अनेकदा तांबडी दिसतात त्याचे एक कारण हे. ते धरून ठेवण्याच्या मुख्यतः तीन तऱ्हा आहेत.

जुनी तऱ्हा राळेची. राळ हा आम्लधर्मी पदार्थ आहे आणि समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ च्या आसपास, म्हणजे किंचित अल्कधर्मी. त्यामुळे राळ अगदी हळूहळू विरघळते आणि आतले तांबे मोकळे करते. वर्गात हे दाखवता येते. राळेची पूड एका परीक्षानळीत साध्या पाण्यात आणि दुसरीत कोमट धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात टाकून ढवळावी. दुसरीतील राळ साबणासारखी विरघळू लागते. (बुलढाणेकरांना इथे लोणारच्या सरोवराची आठवण व्हावी. त्याचा सामू ९ ते १० च्या घरात असल्याने राळेचा रंग तिथे समुद्रापेक्षा लवकर संपेल!) असा रंग मऊ असतो आणि फार टिकत नाही.

दुसरी तऱ्हा कठीण रंगाची. यातला बांधणारा पदार्थ पाण्यात विरघळत नाही, पण तांब्याचे कण इतके ठासून भरलेले असतात की ते एकमेकांना टेकलेले असतात. वरचा कण विरघळला की पाणी खालच्या कणापर्यंत पोचते. वर्ष-दीड वर्षाने होते असे की बाहेरच्या बाजूला मधाच्या रिकाम्या पोळ्यासारखा सांगाडा उरतो आणि तांबे आत खोलवर राहते. तिथून ते बाहेर यायला फार वेळ लागतो. रंग डोळ्यांना धडधाकट दिसतो, पण मेलेला असतो. मालक म्हणतो, रंग तर शाबूत आहे, वरून एक हात मारून टाका. मग त्या ठिसूळ पोळ्यावर नवा थर बसतो, पुढच्या वर्षी आणखी एक, आणि पाच-सात वर्षांनी हा सगळा जाड पापुद्रा स्वतःच्याच ताणाने तडकून खपल्यांनी पडतो. कोणतीही थरांची रचना तिच्यातल्या सर्वांत दुबळ्या थराएवढीच घट्ट असते. म्हणून कधीतरी मुळापर्यंत खरवडणे अटळ होते. बुडाच्या रंगात पैसा सर्वांत जास्त वाया जातो तो महाग रंगामुळे नव्हे, तर मेलेल्या रंगावर मारलेल्या हातांमुळे, असे माझे मत आहे.

तिसरी तऱ्हा स्वतःच झिजत गुळगुळीत राहणाऱ्या रंगांची. यात बहुवारिकाच्या साखळीवरील गट समुद्राच्या पाण्याने तुटतात, वरचा पातळ थर विरघळून जातो आणि खालचा ताजा थर उघडा पडतो. साबणाच्या वडीसारखे. पापुद्रे साचत नाहीत. पण जहाज बरेच दिवस उभे राहिले तर हे झिजणे मंदावते आणि वस्ती वाढते.

या तिसऱ्या तऱ्हेची सुरुवात १९७० च्या दशकात ट्रायब्युटिलटिन या कथिलाच्या संयुगाने झाली. ते इतके प्रभावी होते की काही वर्षे साऱ्यांनी निःश्वास सोडला. मग फ्रान्सच्या अर्काशों उपसागरातले कालवे बिघडू लागली. शिंपले बेढब जाड होऊ लागले आणि नवी पिल्ले धरेनात. तिथे शेकडो हौशी नौका नांगरून असत. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान नौकांवर या रंगाला बंदी घातली आणि कालवे सावरली. इंग्लंडमध्ये एका समुद्री गोगलगाईच्या माद्यांच्या अंगावर नराचे जननांग वाढू लागल्याचे आढळले. लिटरभर पाण्यात एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, एवढे प्रमाणही त्याला पुरेसे होते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी भारताच्या किनाऱ्यावरील शंखप्राण्यांतही हा विकार नोंदवला आहे. शेवटी २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो अमलात आला. त्याच करारात पुढे सायब्युट्रिन या शैवालनाशकाचीही भर पडली. १ जानेवारी २०२३ पासून ते असलेला रंग जहाजांना लावण्यास मनाई आहे.

तांबे मात्र राहिले. त्याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. बूड स्वच्छ ठेवायला दर चौरस सेंटिमीटरमागे दिवसाला सुमारे १० मायक्रोग्रॅम तांबे सुटावे लागते, असा एक जुना व अजूनही वापरला जाणारा अंदाज आहे. पाण्याखालचा भाग ४० चौरस मीटर असलेली मासेमारी नौका घेतली, तर क्षेत्रफळ झाले ४ लाख चौरस सेंटिमीटर आणि दिवसाला सुटणारे तांबे ४ ग्रॅम. नौका वर्षभर पाण्यात राहिली तर जवळजवळ दीड किलो. आता विरघळलेले तांबे लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या आसपास गेले की शिंपल्या-कालवांच्या कोवळ्या पिल्लांना ते बाधू लागते. ४ ग्रॅम तांबे इतक्या प्रमाणापर्यंत विरळ करायला रोज आठ लाख लिटर ताजे पाणी हवे. हे एका नौकेचे. समुद्राला ते काहीच नाही. पण अरुंद खाडीतल्या बंदरात दोनशे-तीनशे नौका शेजारी शेजारी उभ्या असतील आणि त्याच खाडीच्या चिखलात गावातल्या बाया कालवे फोडायला जात असतील, तर हा हिशेब पुन्हा मांडून पाहावा लागतो. तांबे उद्यापासून बंद करा असे मी म्हणणार नाही. बूड घाण राहिले तर जास्तीचे डिझेल जळते आणि परक्या बंदरातले जीव इकडे येतात. कॅरिबियन बाजूच्या अमेरिकेतला एक शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला आणि १९७० च्या दशकात मुंबईतही. तो जहाजांबरोबरच आला असणार. पण तांबे लागेल तेवढेच वापरावे, आणि खरवडलेला रंग पाण्यात जाऊ देऊ नये, यावर दुमत नसावे.

खरवडणे आणि नवा हात

होडी वर काढली की बूड ओले असतानाच धुवावे. बुळबुळीत थर ओला असताना पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निघतो, वाळला की कातडे होतो. हे धुणे गोड्या पाण्यानेच, आणि त्याला स्वच्छतेपलीकडचे कारण आहे. रंगाखाली मिठाचा अंश राहिला तर रंगाचा पातळ पापुद्रा अर्धपार्य पटलासारखा वागतो. परासरणाने पाणी आत ओढले जाते आणि रंगाला फोड येतात. पत्र्याच्या डब्याचे दोन तुकडे घ्यावेत, एकावर मिठाचे पाणी शिंपडून वाळवावे, दोन्हींना सारखाच ऑइलपेंट लावावा, आणि पूर्ण वाळल्यावर साध्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवावेत. मिठाच्या तुकड्यावर फोड दिसतील. बेदाणा पाण्यात टाकल्यावर फुगतो त्याचेच हे भावंड.

मग बार्नॅकल पत्रीने काढायचे. कवच सहज निघते, पण तळाशी एक पांढरी गोल चकती चिकटून राहते. ती तशीच ठेवून वर रंग दिला, तर त्या जागी रंग चकतीला चिकटतो, बुडाला नाही. चकतीसकट निघेपर्यंत घासावे लागते.

पुढे जुना रंग ठेवायचा की काढायचा, हे ठरवायला सुरीने रंगावर आडव्या-उभ्या बारीक रेघा मारून चौकटी कराव्यात, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबावी आणि झटक्याने ओढावी. चौकटी पट्टीबरोबर निघून आल्या तर रंग गेला म्हणून समजावे. पोलादी जहाजावर मोठ्या दाबाने खरड कणांचा मारा करून धातू उघडा करतात. पूर्वी यासाठी वाळू वापरत. पण वाळूची सूक्ष्म धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, म्हणून आता तांबे वितळवताना निघणारी मळी किंवा तत्सम कण वापरतात. या माऱ्याने धातूवर बारीक खाचखळगे पडतात आणि रंगाला धरायला जागा मिळते. लाकडावर आणि फायबरच्या बुडावर एवढा मारा चालत नाही. तिथे पत्री आणि पॉलिशपेपर.

पॉलिशपेपर पाणी लावूनच फिरवावा. कोरड्या घासणीतून उडणारी धूळ म्हणजे तांब्याची, आणि फार जुन्या रंगात शिशाची किंवा कथिलाच्या त्या संयुगाचीही. खरवडणारा माणूस बहुतेक वेळा रोजंदारीवरचा असतो आणि तोंडाला रुमाल बांधून काम करतो. रुमालातून ही धूळ आरामात आत जाते. त्याला योग्य मुखवटा देणे आणि खाली ताडपत्री अंथरून खपल्या गोळा करणे, याला रंगाच्या एका डब्याइतकाही खर्च येत नाही.

रंग लावायला दिवस निवडणे हेही भौतिकशास्त्रच आहे. बुडाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे, असा नियम आहे. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसा न दिसणारा दमटपणा बुडावर असेल तर रंग धरत नाही. म्हणूनच मे महिन्यात खरवडून सुकवलेले बूड आणि जुलैच्या कोंदट हवेत खरवडलेले बूड यांत फरक पडतो.

अस्तर, त्यावर जोडथर, त्यावर विषारी रंगाचे दोन हात, असा क्रम. वरच्या ४० चौरस मीटरच्या नौकेला सुकल्यावर प्रत्येकी १०० मायक्रोमीटरचे दोन हात हवे असतील, तर सुकलेल्या रंगाचे आकारमान ८ लिटर होते. डब्यातील रंगात निम्मा भागच घन असेल, तर १६ लिटर रंग घ्यावा लागेल. नाळ, सुकाणू आणि पाण्याची रेघ या ठिकाणी प्रवाह जास्त असल्याने रंग लवकर झिजतो, तिथे एक हात जास्त. पोलादी बुडावर जागोजागी जस्ताचे ठोकळे बसवलेले असतात, ती डेव्हीची आठवण. त्यांना रंग लावायचा नसतो. लावला तर जस्त पाण्यापासून तुटते आणि पोलाद उघड्यावर पडते. रंगारी उत्साहाच्या भरात तेही रंगवून मोकळे होतात, म्हणून त्यांवर आधी कागद चिकटवावा.

अलीकडे विष नसलेले सिलिकोनचे लेपही आले आहेत. त्यांवर बार्नॅकल चिकटते, पण पकड कच्ची राहते आणि जहाज वेगाने चालू लागले की गळून पडते. मोठ्या मालवाहू जहाजांना ते उपयोगी आहे. हळू चालणाऱ्या आणि बराच वेळ नांगरून असणाऱ्या होडीला त्याचा फायदा कमी, आणि सिलिकोनवर दुसरे काही चिकटत नसल्याने पुढे बेत बदलला तर सगळे मुळापासून काढावे लागते.

धाडच्या शाळेत समुद्र नाही, पण दोन प्रयोग होऊ शकतात. चार पेल्यांत मिठाचे पाणी घ्यावे आणि प्रत्येकात एक स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा टाकावा. पहिला तसाच, दुसऱ्याला उघडी तांब्याची तार गुंडाळलेली, तिसऱ्याला आधी विजेची चिकटपट्टी आणि तिच्यावर तार, चौथ्याला जुन्या टॉर्च-सेलच्या जस्ताची पट्टी घट्ट बांधलेली. तीन-चार दिवस रोज बघून नोंद करावी. तिसऱ्या खिळ्यात 'अलार्म'चा तपकिरी कागद आहे आणि चौथ्यात डेव्हीचा तुकडा.

दुसऱ्या प्रयोगाला महिना लागतो. पिण्याचे पाणी नसलेल्या एखाद्या हौदात सारख्या आकाराच्या चार पट्ट्या दोऱ्याने लोंबत ठेवाव्यात : गुळगुळीत काच, पॉलिशपेपरने खरखरीत केलेले प्लॅस्टिक, व्हॅसलिन चोपडलेली काच आणि तांब्याचा पत्रा. दर आठवड्याला काढून बोट न लावता पाहावे, सूक्ष्मदर्शक असेल तर थर खरडून त्याखाली बघावा. पहिल्या आठवड्यात फारसे काही दिसणार नाही. तिसऱ्या आठवड्यात खरखरीत पट्टी आणि तांब्याचा पत्रा शेजारी शेजारी धरून बघावेत. पत्र्यावर हिरवटपणा दिसलाच, तर तो शैवालाचा आहे की तांब्याच्या क्षाराचा, हे ठरवायला लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकावा. क्षार असेल तर विरघळेल.